ठाणेदाराला जाब कोण विचारणार?
इंग्लंडमधील लोकनियुक्त पोलीस आयुक्तांचा धडा

पोलीस ठाण्याची पायरी आपल्या माणसाला नेहमीच उंच वाटत आली आहे. चोरी झाली तरी जायला नको वाटते, मारहाण झाली तरी नको वाटते. घरातली बाई रडत बसते, म्हातारा म्हणतो, "जाऊ दे, नसती कटकट." आणि गेलोच तर हवालदार विचारतो, "कुठल्या वस्तीतला?" त्या एका प्रश्नात पुढचे सगळे ठरून जाते. ठाणेदाराने नीट ऐकले नाही तर त्याच्या साहेबाकडे जावे, साहेबाने ऐकले नाही तर त्याच्या साहेबाकडे. पण शेवटी त्या सर्वात मोठ्या साहेबाला जाब विचारणारा कोण? आणि तो आपल्या मताने निवडता आला तर?

वाचक बंधु-भगिनींनो, ही कल्पना हवेतली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ सालापासून लोक आपल्या भागातील पोलीस दलावर देखरेख करणारा अधिकारी थेट मतदानाने निवडत आले आहेत. आता तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे की, सध्याची मुदत मे २०२८ मध्ये संपली की हे पद बंद केले जाईल. हे पद का निर्माण झाले, त्याने काय साधले, कुठे फसले, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण पोलिसांचा सर्वात जास्त त्रास ज्यांना होतो आणि पोलिसांची सर्वात जास्त गरजही ज्यांना असते, त्यांच्यात आपण आहोत.

आधी काय होते?

लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलीस दल १८२९ साली रॉबर्ट पील या गृहमंत्र्याने उभे केले. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे त्या दलावरची देखरेख थेट देशाच्या गृहमंत्र्याकडे होती. लंडनबाहेरच्या दलांवर अलीकडच्या काळात 'पोलीस प्राधिकरण' नावाची समिती असे. तिच्यात काही नगरसेवक, काही नेमलेली माणसे. पण ही माणसे कोण, कुठे भेटतात, हे सामान्य नागरिकाला माहीत नसे. तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न तिथल्या गरिबालाही पडत होता.

काळ्या आणि आशियाई लोकांना तर तो फारच पडत होता. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून ठार मारले. संशयितांची नावे लगेच पोलिसांच्या कानावर आली होती, तरी तपास रेंगाळला. त्याच्या आईवडिलांनी, डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स यांनी, हार मानली नाही. नेल्सन मंडेला मे १९९३ मध्ये लंडनला आले तेव्हा या मातापित्यांना भेटले. अखेर न्यायमूर्ती मॅकफर्सन यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांच्या अहवालाने सांगितले की, पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद आहे. म्हणजे एखाददुसरा शिपाई वाईट आहे एवढेच नव्हे, तर दलाच्या रीतिरिवाजातच भेदभाव मुरला आहे. मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. अठरा वर्षांचा मुलगा गेला आणि न्यायाला आणखी जवळजवळ एकोणीस वर्षे लागली!

हे वाचताना आपल्या मनात कोणती नावे येतात, ते आम्ही वेगळे सांगायला नको. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या आपल्या माणसांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जीव गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. देश वेगळा, वर्ण वेगळा, पण उशीर तोच.

नवे पद, नवे अधिकार

इंग्लंडमध्ये २०११ साली कायदा झाला आणि जुनी प्राधिकरणे मोडीत निघाली. त्यांच्या जागी प्रत्येक पोलीस क्षेत्रासाठी एक लोकनियुक्त 'पोलीस आणि गुन्हेविषयक आयुक्त' आला. येथे एक घोटाळा टाळू. आपल्याकडे मुंबई-पुण्याचा पोलीस आयुक्त हा गणवेशातला, वर्दीवर पट्टे असलेला अधिकारी असतो. तिकडचा हा आयुक्त पोलीस नसतो. तो साध्या कपड्यातला, निवडून आलेला माणूस असतो. दलाचा खरा प्रमुख असतो 'चीफ कॉन्स्टेबल'. नावात कॉन्स्टेबल असले तरी तो शिपाई नव्हे, दलाचा सर्वोच्च अधिकारी.

आयुक्ताची कामे चार. चीफ कॉन्स्टेबल नेमणे आणि गरज पडली तर त्याला घरी पाठवणे. दलाचे अंदाजपत्रक ठरवणे आणि स्थानिक करातला पोलिसांचा वाटा ठरवणे. कोणत्या गुन्ह्यांकडे आधी लक्ष द्यायचे याचा आराखडा करणे. आणि गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसांना मदत मिळेल अशी व्यवस्था लावणे. याला अटक करा, त्याला सोडा, असे मात्र तो सांगू शकत नाही. तपासाचा आणि अटकेचा अधिकार पोलीस अधिकाऱ्याचाच. हे बंधन चांगले आहे. नाहीतर निवडून आलेला पुढारी आपल्या विरोधकांना कोठडीत टाकायला कितीसा वेळ लावील?

उमेदवारीच्या अटी कडक होत्या. पाच हजार पौंड अनामत आणि शंभर मतदारांच्या सह्या. तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकेल अशा कोणत्याही गुन्ह्यात कधीही दोषी ठरलेला माणूस उभा राहू शकत नाही, मग प्रत्यक्षात त्याला नुसता दंड का झाला असेना. २०१२ साली एका उमेदवाराला १९६६ मध्ये, पोरवयात झालेल्या किरकोळ दंडामुळे माघार घ्यावी लागली. २०२१ साली विल्टशायरमध्ये तर सर्वाधिक मते मिळालेल्या उमेदवाराचा जुना गुन्हा उघड झाला, त्याला पद घेता आले नाही आणि ऑगस्टमध्ये निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. खून-बलात्काराचे खटले अंगावर घेऊन विधानसभेत बसणारे आपल्याकडचे महाभाग आठवले की, या अटीचे कौतुकही वाटते आणि हसूही येते. पण तिची दुसरी बाजूही आहे. गरीब वस्तीतल्या पोरांवर पोलिसांची नजर जास्त, त्यामुळे लहानसहान गुन्ह्याचा शिक्काही त्यांच्यावरच जास्त. पाच हजार पौंड भरणे त्यांनाच जड. म्हणजे ज्यांनी पोलिसांचा जाच सोसला, त्यांनाच पोलिसांवर देखरेख करायची दारे बंद!

मतदान केंद्र रिकामे

पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ रोजी झाली. एकूण ४१ क्षेत्रे. लंडन वेगळे ठेवले होते, कारण तिथे हे काम महापौराकडे गेले होते. नोव्हेंबर म्हणजे तिकडे थंडी आणि दुपारनंतर लगेच अंधार. उमेदवारांची माहिती घरोघर टपालाने पाठवायला सरकारने खर्च दिला नाही. माहिती संगणकावर बघा, असे सांगितले. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी काय बघावे?

परिणाम काय झाला? शंभरांतले सुमारे पंधराच मतदार आले. वेल्समधील न्यूपोर्ट शहराच्या एका मतदान केंद्रावर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही. मतपेटी रिकामी परत गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्ट मिडलँड्स क्षेत्रात पोटनिवडणूक झाली, तेव्हा सुमारे दहाच टक्के मतदान झाले. २०१६ मध्ये आकडा सुमारे २७ टक्क्यांवर गेला, २०२१ मध्ये तेहतीसच्या आसपास चढला आणि २०२४ मध्ये पुन्हा चारांत एकाच्या आसपास उतरला.

याच वेस्ट मिडलँड्समध्ये, बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टन येथे, पंजाबातून गेलेल्या आपल्या आंबेडकरी बौद्ध कुटुंबांची जुनी वस्ती आहे. कारखान्यांत, ओतशाळांत राबून त्यांनी विहारे उभी केली. तिथला कायदा असा की, राष्ट्रकुलातील देशांचा नागरिक रीतसर वास्तव्याला असेल तर त्याला मतदान करता येते. म्हणजे भारतीय पासपोर्ट खिशात असलेली आपली परिचारिका, आपला विद्यार्थी, आपला संगणक अभियंता, सर्वांना या आयुक्ताला मत देता आले आहे. नाव मात्र मतदार यादीत नोंदवलेले हवे. तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकरांना पत्र लिहिताना, फोन करताना, हे जरूर विचारा, "बाळा, यादीत नाव घातलेस का?"

मत कोणाचे, राखण कोणाची?

२०१२ साली निवडून आलेल्या ४१ आयुक्तांपैकी एकही काळा किंवा आशियाई नव्हता. सगळे गोरे. ज्या समाजातील तरुणांना रस्त्यावर अडवून पोलीस झडती घेतात, त्या समाजाचा एकही माणूस देखरेखीच्या खुर्चीवर नाही. २०१६ साली डर्बीशायरने हरद्याल धिंडसा या भारतीय वंशाच्या उमेदवाराला निवडले. २०२१ साली बेडफर्डशायरने फेस्टस अकिनबुसोये यांना निवडले, ते पहिले कृष्णवर्णीय आयुक्त. दोघेही पुढच्या निवडणुकीत पडले.

येथे बाबासाहेबांनी आयुष्यभर मांडलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. निवडणूक झाली म्हणजे लोकशाही आली का? बहुसंख्यांचे मत म्हणजे सर्वांचे मत का? राजकीय बहुमत हे विचाराने बनते आणि बदलू शकते, पण जातीचे बहुमत जन्माने ठरलेले असते, हा फरक त्यांनी दाखवून दिला. १९३२ सालचा पुणे करार ज्या झगड्यातून झाला, त्याचे मूळही याच प्रश्नात होते. आपला प्रतिनिधी कोणाच्या मतांवर निवडून येतो, तो त्यांचेच ऐकतो.

अमेरिकेत याचा कडू अनुभव आला आहे. तिथल्या बहुतेक काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांसारख्या भागांत, शेरीफ हा पोलीसप्रमुखच मतदानाने निवडतात. ॲरिझोना राज्यातील मॅरिकोपा काउंटीत जो अर्पायो हा शेरीफ १९९२ साली निवडून आला आणि २०१६ मध्ये पराभूत होईपर्यंत पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला. त्याचे शिपाई लॅटिनो वंशाच्या लोकांना केवळ चेहरा पाहून रस्त्यात अडवत. २०१३ साली संघीय न्यायालयाने हा वंशभेद असल्याचा निर्णय दिला. त्याने आदेश पाळला नाही, २०१७ मध्ये तो न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. बहुसंख्य मतदारांना त्याचा कडकपणा आवडत होता. ज्यांना अडवले जात होते त्यांची मते कमी पडत होती. त्यांना थोडाफार न्याय मिळाला तो न्यायालयात, मतपेटीत नाही. आपल्या एखाद्या गावाने सवर्णांच्या बहुमताने फौजदार निवडला, तर बौद्धवाड्याची काय गत होईल, याचा विचार घरी बसून करा.

ज्याला निवडले, त्याला काढणार कसे?

इंग्लंडच्या पद्धतीची आणखी एक गाठ २०१४ साली उघडी पडली. रॉदरहॅम या शहरात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १४०० मुलामुलींचे लैंगिक शोषण झाले आणि पोलीस व नगरपालिका या दोघांनीही डोळेझाक केली, असा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये आला. बहुतेक पीडित मुली गरीब, मोडक्या घरांतल्या. पोलिसांनी त्यांचे ऐकले नाही, उलट त्यांनाच दोष दिला. त्या वेळी साउथ यॉर्कशायरचे आयुक्त होते शॉन राइट, आणि तेच २००५ ते २०१० या काळात त्या नगरपालिकेत बालकल्याणाचे काम पाहत होते. पंतप्रधानांनी, गृहमंत्र्यांनी, त्यांच्याच पक्षाने राजीनामा मागितला. ते खुर्चीला चिकटून राहिले, कारण त्यांना काढायचा मार्गच कायद्यात नव्हता. अखेर लोकांच्या रेट्यापुढे १६ सप्टेंबर २०१४ रोजी त्यांनी पद सोडले.

२०२१ साली नॉर्थ यॉर्कशायरमध्येही तसेच झाले. लंडनमध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीला एका पोलीस शिपायानेच खोट्या अटकेचे नाटक करून पळवले आणि ठार मारले. त्यावर तिथले आयुक्त फिलिप ॲलट म्हणाले की, पोलीस कधी अटक करू शकतो हे बायकांनी समजून घ्यायला हवे होते. मारला गेलेल्या मुलीलाच शहाणपण शिकवणारा हा माणूस! बायका खवळल्या, देखरेख समितीने अविश्वास दाखवला, आणि त्यांना जावे लागले. कायद्याने नव्हे, लोकलाजेने.

चांगलेही काही झाले. आयुक्तांच्या हाती गुन्ह्यातील पीडितांसाठी निधी आला. घरात नवऱ्याच्या मारहाणीला बळी पडलेल्या स्त्रियांना, अत्याचारग्रस्त मुलांना मदत करणाऱ्या संस्थांना त्यातून पैसे मिळू लागले. बंद दाराआड होणारे पोलिसांचे अंदाजपत्रक लोकांपुढे येऊ लागले. पण बहुतेकांना आपल्या आयुक्ताचे नावही सांगता येत नसे. म्हणूनच सरकारने ठरवले की, २०२८ नंतर हे काम जेथे शक्य तेथे निवडून आलेल्या महापौरांकडे आणि इतरत्र स्थानिक परिषदांच्या नेत्यांकडे द्यावे. लंडन आणि मँचेस्टरमध्ये ते आधीच महापौरांकडे आहे.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या राज्यघटनेत पोलीस हा राज्याचा विषय आहे. आपण आमदार निवडतो, आमदारांतून सरकार होते, सरकारचा गृहमंत्री पोलिसांना हुकूम देतो. एवढ्या लांबच्या वाटेने आपले मत ठाण्यापर्यंत पोचते आणि पोचेपर्यंत विरून जाते. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. त्यातला एक, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आणखी एक हत्यार आपल्याकडे आहे आणि ते गंजत पडले आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. जिल्ह्यातील खासदार-आमदार, पोलीस अधीक्षक आणि आपल्या समाजातील बिनसरकारी सदस्य तिच्यात असतात. तिने तीन महिन्यांतून निदान एकदा बसलेच पाहिजे. किती गुन्हे नोंदले, तपास कुठे अडला, पीडितांना मदत मिळाली का, अधिकारी आपले काम करतात का, हे तपासणे हेच तिचे काम. पोलिसांवर देखरेख करणारी स्थानिक समिती म्हणतात ती हीच! इंग्लंडने २०१२ साली जे आणले, त्याचा एक तुकडा आपल्या हाती त्याआधी सतरा वर्षे आला होता.

म्हणून आम्ही आपल्या कुटुंबांना काही गोष्टी सुचवतो. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर आपले सदस्य कोण आहेत, त्यांची नावे विहाराच्या फळ्यावर लिहा. शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहावी-बारावी झालेली आपली मुले-मुली हा अर्ज सहज लिहू शकतात. समितीवर असलेल्या आपल्या माणसाला वंदनेच्या दिवशी विहारात बोलवा आणि सर्वांसमोर हिशेब मागा, मायबहिणींनी पुढे बसून मागा. तक्रार नोंदवल्यावर एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळणे हा आपला हक्क आहे, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. ॲट्रॉसिटीची तक्रार घ्यायला अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून टाळाटाळ केली, तर त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने त्यालाही शिक्षा होऊ शकते, हे त्याला शांतपणे, पण ठामपणे सांगा.

न्यूपोर्टच्या त्या मतदान केंद्रावर अधिकारी दिवसभर बसले होते, पेटी होती, शिक्का होता, कायदा होता. माणूस मात्र आला नाही. आपल्या जिल्ह्याच्या समितीच्या सभागृहातही खुर्च्या मांडलेल्या आहेत. त्या रिकाम्या राहू देऊ नका.

जयभीम!